कंत्राटी बंड

७ मार्च २००४, रविवार. झिम्बाब्वेतल्या हरारे विमानतळावर संध्याकाळी एक जुनं बोइंग ७२७ उतरलं आणि प्रवासी इमारतीकडे न जाता लष्करी भागाकडे वळलं. काही आठवड्यांपूर्वीच ते अमेरिकेतल्या कॅन्सास राज्यातल्या एका व्यापाऱ्याकडून विकत घेतलं होतं. आत चौसष्ट माणसं होती. बहुतेकांचं शिपाईगिरीचं वय उलटत आलेलं, एकमेकांत पोर्तुगीज बोलणारी. कुठे निघालात, असं विचारलं तर सगळ्यांचं उत्तर एकच होतं: काँगोला, खाणींच्या राखणीला.

विमानाची वाट पाहत सायमन मॅन नावाचा इंग्रज गृहस्थ धावपट्टीपाशी थांबला होता. झिम्बाब्वेच्या सरकारी शस्त्रास्त्र कंपनीकडून त्याने सुमारे १ लाख ८० हजार डॉलरचा माल घेतला होता. त्यात कलाश्निकोव रायफली होत्या, मशीनगन होत्या, हातबाँब आणि काडतुसांच्या पेट्या होत्या. माल विमानात चढवायचा आणि रातोरात पश्चिमेकडे उडायचं, असा बेत होता. मात्र पेट्या तपासायला गेलेल्या मॅनभोवती झिम्बाब्वेच्या सैनिकांनी कडं केलं आणि विमानातल्या माणसांनाही खाली उतरवलं. विमान निघालं होतं ते काँगोला नव्हे, तर विषुववृत्तीय गिनीची राजधानी मालाबोला. तिथल्या राष्ट्राध्यक्षाला त्याच रात्री पदच्युत करायचं होतं.

हा देश नकाशावर शोधावा लागतो. आफ्रिकेच्या काखेत, कॅमेरून आणि गॅबोन यांच्यामध्ये मुख्य भूमीवरचा एक चौकोनी तुकडा आणि समुद्रात काही बेटं. एकूण क्षेत्रफळ अठ्ठावीस हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. राजधानी तेव्हा मुख्य भूमीवर नव्हे, तर बियोको बेटावर होती. हा स्पेनचा मुलूख १२ ऑक्टोबर १९६८ रोजी स्वतंत्र झाला आणि फ्रान्सिस्को मासियास न्गेमाच्या हाती सापडला. शिकलेल्या माणसांवर त्याचा विशेष राग होता. ‘बुद्धिवंत’ हा शब्द उच्चारायलाच त्याने बंदी घातली. सरकारी तिजोरी त्याने राजधानीतून हलवून आपल्या गावच्या घरी नेली. त्याच्या अकरा वर्षांत देशातली सुमारे एक तृतीयांश माणसं मारली गेली किंवा पळून गेली.

३ ऑगस्ट १९७९ रोजी त्याच्या पुतण्यानेच त्याला हटवलं. पुतण्याचं नाव तेओदोरो ओबियांग. काकाच्या राज्यात तो लष्करी अधिकारी होता आणि मालाबोच्या कुप्रसिद्ध ‘ब्लॅक बीच’ तुरुंगाचा कारभार त्याच्याकडे होता. मासियासवर खटला चालला तो एका सिनेमागृहात. शिक्षा ठरली, पण गोळ्या घालायला स्थानिक शिपाई धजेनात, कारण हा मेल्यावर भूत होऊन मानगुटीवर बसेल अशी त्यांची खात्री होती. शेवटी ते काम मोरोक्कोहून आलेल्या सैनिकांनी केलं. म्हणजे ओबियांगच्या राज्याच्या आरंभीही परदेशी बंदुका होत्याच, हे पुढचं वाचताना ध्यानात ठेवायला हरकत नाही.

पहिली पंधराएक वर्षं ओबियांगकडे जगाने ढुंकूनही पाहिलं नाही. कोको आणि लाकूड यांवर जगणारा हा गरीब देश होता. मग १९९५ मध्ये बियोकोजवळच्या समुद्रात मोबिल कंपनीला झाफिरो हे तेलक्षेत्र सापडलं आणि पुढच्याच वर्षी तेल वाहू लागलं. २००४ पर्यंत हा पाच-सात लाख वस्तीचा देश रोज साडेतीन लाख पिंपांच्या आसपास तेल काढत होता. सहाराच्या दक्षिणेला नायजेरिया आणि अंगोला यांच्या खालोखाल त्याचा क्रमांक लागे. पैसा कुठे जात होता, हे जुलै २००४ मध्ये अमेरिकी सिनेटच्या एका समितीच्या अहवालातून बाहेर आलं. अमेरिकी राष्ट्राध्यक्षांची खाती सांभाळल्याचा तोरा मिरवणाऱ्या वॉशिंग्टनच्या रिग्ज बँकेत ओबियांगचं सरकार, तो स्वतः आणि त्याचे नातलग यांच्या खात्यांत मिळून एका वेळी ७० कोटी डॉलरपर्यंत रक्कम होती. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या नोटांच्या थप्प्या सूटकेसमधून बँकेत येत. मालाबोत मात्र नळाला पाणी नव्हतं. बंडाच्या आदल्या वर्षी, जुलै २००३ मध्ये, सरकारी रेडिओने जाहीर केलं होतं की ओबियांग हा आकाशातल्या देवासारखा आहे, त्याचा सर्वशक्तिमानाशी नित्य संपर्क असतो आणि कोणाचाही जीव घेतला तरी त्याला जाब द्यावा लागत नाही.

भाडोत्री बंडवाल्यांना याहून सोयीचं गिऱ्हाईक मिळणं कठीण. अशा माणसाला हटवलं तर कोण रडणार? त्याच्या जुलमाच्या कहाण्या खऱ्याच होत्या, आणि त्यांचाच उपयोग भांडवल उभारायला झाला.

मॅनविषयी थोडं सांगितलं पाहिजे, कारण क्रिकेट पाहणाऱ्या मराठी घरात त्याचं आडनाव जुन्या मंडळींना ओळखीचं वाटेल. त्याचे आजोबा फ्रँक मॅन आणि वडील जॉर्ज मॅन हे दोघंही इंग्लंडच्या क्रिकेट संघाचे कप्तान होते, आणि दोघांनीही आपापल्या काळात संघ दक्षिण आफ्रिकेला नेला होता. घरचा पिढीजात धंदा बिअरचा. सायमनचा जन्म १९५२ चा. शिक्षण ईटन आणि सँडहर्स्टला. मग स्कॉट्स गार्ड्स, मग एसएएस ही कमांडो पलटण. २००२ च्या ‘ब्लडी संडे’ चित्रपटात त्याने एका ब्रिटिश कर्नलची भूमिकाही केली. असा माणूस आफ्रिकेत लढाया भाड्याने देऊ लागला, ते १९९३ पासून.

त्या वर्षी अंगोलात सोयो या तेलबंदरावर युनिटाच्या बंडखोरांनी कब्जा केला आणि तेल कंपन्यांची यंत्रसामग्री तिथे अडकली. मॅन आणि त्याचा मित्र, तेलधंद्यातला टोनी बकिंगहॅम, यांनी ‘एक्झिक्युटिव्ह आउटकम्स’ या दक्षिण आफ्रिकी कंपनीकरवी माणसं उतरवली आणि बंदर परत मिळवलं. अंगोला सरकारने खूश होऊन मोठं कंत्राट दिलं. १९९५ मध्ये हीच कंपनी सिएरा लिओनला गेली आणि बंडखोरांकडून कोनोच्या हिऱ्यांच्या खाणी सोडवून दिल्या. पाठोपाठ खाणकामाचे परवाने बकिंगहॅमच्या वर्तुळातल्या कंपनीकडे आले. लढाई कंपनीची, मोबदला जमिनीखालचा, ही रीत तिथे पक्की झाली. १९९७ मध्ये याच वर्तुळातल्या ‘सँडलाइन’ कंपनीने पापुआ न्यू गिनी सरकारशी बुगनव्हिल बेट आणि तिथली तांब्याची खाण परत मिळवून देण्याचा ३ कोटी ६० लाख डॉलरचा सौदा केला. तेव्हा तिथलं सैन्यच बिथरलं आणि पंतप्रधानाला पायउतार व्हावं लागलं. पुढच्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेने परदेशांत भाडोत्री शिपाईगिरी करण्याविरुद्ध कायदा केला आणि ‘एक्झिक्युटिव्ह आउटकम्स’ने गाशा गुंडाळला.

तोवर ही मंडळी निदान कुठल्यातरी सरकारच्या बाजूने लढत होती. सरकारच उलथून द्यायचं, हा प्रकार त्याआधीच्या पिढीचा. त्यातल्या एका फसलेल्या बेताने तर मुंबईच्या प्रवाशांना हिसका दिला होता. नोव्हेंबर १९८१ मध्ये ‘मॅड माइक’ होअर हा म्हातारा भाडोत्री सेनानी सेशेल्स बेटांवरचं सरकार पाडायला निघाला. त्याची माणसं बिअरबाज रग्बी क्लबचे सभासद बनून विमानातून उतरली. बॅगांत वर खेळणी, खाली रायफली. कस्टमवाल्याला एका बॅगेत रायफल सापडली आणि विमानतळावरच गोळीबार सुरू झाला. इतक्यात मुंबईकडे निघालेलं एअर इंडियाचं बोइंग ७०७ तिथे उतरलं. होअरच्या टोळीने तेच पळवलं आणि ते डर्बनला न्यायला लावलं.

फ्रेडरिक फोर्सिथच्या ‘द डॉग्ज ऑफ वॉर’ या १९७४ च्या कादंबरीचा उल्लेख केल्याशिवाय विषुववृत्तीय गिनीची गोष्ट पुढे सरकत नाही. झांगारो नावाचा काल्पनिक देश, प्लॅटिनमचा डोंगर, माथेफिरू हुकूमशहा आणि लंडनचा खाणमालक. मालक भाडोत्री शिपाई पाठवतो, आपलं बाहुलं गादीवर बसवायचं आणि डोंगर स्वस्तात घ्यायचा म्हणून. झांगारो म्हणजे मासियासचाच देश, हे उघड होतं. गंमत अशी की कादंबरी येण्याच्या आदल्या वर्षी, जानेवारी १९७३ मध्ये, खरोखरच भाडोत्री सैनिकांची एक बोट तिकडे निघाली होती. ती कॅनरी बेटांत अडवली गेली. त्या बेतामागे फोर्सिथचाच पैसा होता, असा आरोप १९७८ मध्ये एका ब्रिटिश वर्तमानपत्राने छापला. आपण फक्त कादंबरीसाठी माहिती जमवत होतो, असं फोर्सिथचं म्हणणं. तीस वर्षांनी मॅन आणि मंडळी निघाली तेव्हा ही कादंबरी त्यांच्या वर्तुळात सगळ्यांच्या वाचनातली होती. प्लॅटिनमच्या जागी तेल आलं, एवढाच काय तो फरक.

बंडाची आखणी पाहिली तर एखाद्या कारखान्याचा प्रकल्प अहवाल वाचतो आहोत असं वाटतं. ‘लोगो लॉजिस्टिक्स’ ही मॅनची कंपनी होती. तिच्या नावाने गुंतवणुकीचा करार झाला आणि त्यात विमानसेवा, मासेमारी, खाणींची सुरक्षा असे साळसूद व्यवसाय लिहिले गेले. मालाबोत पाय रोवण्याचं काम निक दु टॉय या माजी दक्षिण आफ्रिकी सैनिकाकडे होतं. त्याने तिथे मासेमारीचा आणि शेतीचा धंदा उघडला, तोही थेट राष्ट्राध्यक्षाच्या भावाला भागीदार करून. नवा राष्ट्राध्यक्षही तयार ठेवला होता: माद्रिदमध्ये परागंदा असलेला विरोधी नेता सेवेरो मोतो. विमान पहाटेच्या अंधारात मालाबोला उतरेल, दु टॉयची माणसं गाड्या घेऊन हजर राहतील, राजवाडा ताब्यात येईल आणि थोड्याच वेळात मोतो दुसऱ्या विमानाने येऊन शपथ घेईल.

मग हिशेब. पत्रकार ॲडम रॉबर्ट्सने ‘द वोंगा कू’ या पुस्तकात या मंडळींचे कागद तपासले आहेत. त्यांत ‘बाइट ऑफ बेनिन कंपनी’ नावाचा एक प्रस्ताव आहे. नव्या सरकारशी करारमदार करण्याचा मक्ता या कंपनीकडे राहावा, अशी ती कल्पना. मराठी वाचकाला ही चाल अनोळखी वाटणार नाही. शनिवारवाड्यात १७७३ मध्ये गारद्यांनी नारायणराव पेशव्यांना मारलं. त्यानंतर गादीसाठी धडपडणाऱ्या राघोबादादांनी १७७५ मध्ये सुरतेला मुंबईकर इंग्रजांशी तह केला. ईस्ट इंडिया कंपनीने अडीच हजारांची फौज द्यावी, दादांना पुण्यात बसवावं, बदल्यात साष्टी आणि वसई घ्यावी, आणि फौजेचा खर्चही दादांनीच सोसावा. मोतोच्या जागी दादांना ठेवलं तर मसुद्यात फारसे शब्द बदलावे लागत नाहीत.

पण मुंबईकर इंग्रजांना निदान तोंड मिटून ठेवता येत होतं. इथे बेताची बातमी प्रिटोरियाच्या दारूच्या गुत्त्यांपर्यंत पोचली होती. डिसेंबर २००३ मध्येच एका माजी दक्षिण आफ्रिकी अधिकाऱ्याने या हालचालींचा अहवाल लिहिला होता. जानेवारीअखेर ब्रिटिश सरकारलाही कुणकुण लागली होती. परराष्ट्रमंत्री जॅक स्ट्रॉ यांना ते नोव्हेंबरमध्ये कबूल करावं लागलं. फेब्रुवारीतला पहिला प्रयत्न विमानाच्या बिघाडामुळे बारगळला. एवढं होऊनही मॅन थांबला नाही. कमांडो पलटणीत शिकलेल्या माणसाने ही घाई का करावी, याचं समाधानकारक उत्तर एकच दिसतं. गुंतवणूकदारांचा पैसा खर्ची पडला होता, आणि परत द्यायला काही नव्हतं. दक्षिण आफ्रिकेने झिम्बाब्वे आणि मालाबो या दोघांनाही आधीच सावध करून ठेवलं होतं.

हरारेतल्या अटकेच्या दुसऱ्या दिवशी मालाबोत दु टॉय आणि त्याचे चौदा साथीदार पकडले गेले. त्यांतला गेर्हार्ड मेर्त्स हा जर्मन नागरिक काही दिवसांतच ब्लॅक बीच तुरुंगात मेला. सरकारने मलेरियाचं कारण दिलं. ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने छळाचा आरोप केला. दु टॉयने आधी टीव्हीवर कबुली दिली, आणि नोव्हेंबरमध्ये न्यायालयात ती मारहाणीने वदवून घेतल्याचं सांगून फिरवली. त्याला ३४ वर्षांची शिक्षा झाली.

हरारेच्या चिकुरुबी तुरुंगातून मॅनने एक चिठ्ठी बाहेर पाठवली, आणि ती भलत्याच हातांत पडली. ‘स्क्रॅचर’ आणि इतर मित्रांनी आता वजन वापरावं आणि भरपूर ‘वोंगा’ ओतावा, असा तिचा मथितार्थ. वोंगा म्हणजे इंग्रजांच्या बोलीत पैसा. तो शब्द बहुधा जिप्सींच्या रोमानी भाषेतल्या कोळशाच्या शब्दावरून आला, आणि रोमानीतला तो शब्द ज्या संस्कृत मुळातून निघाला, तोच आपला ‘अंगार’. या बंडाला जगाने ‘वोंगा कू’ म्हटलं ते त्या चिठ्ठीमुळे.

स्क्रॅचर म्हणजे मार्क थॅचर, ब्रिटनच्या माजी पंतप्रधानांचा मुलगा. १९८२ मध्ये मोटारशर्यतीत सहारा वाळवंटात सहा दिवस हरवलेला, तोच हा. केप टाउनच्या उच्चभ्रू वस्तीतल्या घरी २५ ऑगस्ट २००४ रोजी त्याला अटक झाली. एका हेलिकॉप्टरसाठी त्याने सुमारे पावणेतीन लाख डॉलर दिले होते. ते रुग्णवाहिकेच्या कामासाठी आहे, असं आपल्याला वाटलं, असा त्याचा बचाव होता. जानेवारी २००५ मध्ये गुन्हा कबूल करून, ३० लाख रँड दंड भरून, चार वर्षांची स्थगित शिक्षा घेऊन तो देशाबाहेर पडला. मॅनने पुढे लंडनमधल्या एका तेलव्यापाऱ्याला सूत्रधार म्हटलं. त्या व्यापाऱ्याने ते सतत नाकारलं. स्पेनच्या सरकारला बेत ठाऊक होता, असाही आरोप झाला; स्पेननेही नाकारला.

विमानातल्या माणसांकडे दंड भरायला काही नव्हतं. त्यांच्यातले पुष्कळ जण दक्षिण आफ्रिकेच्या जुन्या ‘बत्तीस बटालियन’मधले होते. ही मूळची अंगोलाची काळी माणसं. तिथल्या यादवीत हरलेल्या पक्षाचे हे शिपाई १९७५ नंतर वर्णद्वेषी सरकारच्या सैन्यात आले आणि आपल्याच मायदेशाविरुद्ध लढले. १९८९ मध्ये त्यांना कुटुंबांसकट बोट्सवानाच्या सीमेजवळ पॉम्फ्रेट इथे आणून वसवलं. ते ॲस्बेस्टॉसच्या खाणीचं ओसाड गाव होतं. १९९३ मध्ये बटालियन मोडली. नव्या दक्षिण आफ्रिकेला ही माणसं नको होती, अंगोलाला तर नकोच होती. बंदुकीशिवाय दुसरा हुन्नर अंगी नव्हता. अशा गावात भरतीवाला आला आणि खाणींच्या राखणीचं काम आहे म्हणाला, तर किती प्रश्न विचारले जातील?

त्यांच्या बाजूने दक्षिण आफ्रिकेच्या संविधान न्यायालयात अर्ज झाला. आपल्याला विषुववृत्तीय गिनीकडे सोपवलं जाऊ नये म्हणून सरकारने मध्ये पडावं, ही त्यातली एक मागणी होती. ऑगस्ट २००४ मध्ये न्यायालयाने सरकारला तसा आदेश द्यायला नकार दिला. झिम्बाब्वेत त्यांना वर्षभराची कैद झाली आणि बहुतेक जण मे २००५ मध्ये घरी परतले. तोवर सरकारने पॉम्फ्रेट हलवायचं ठरवलं होतं. कारण दिलं ॲस्बेस्टॉसचं. वीज-पाणी तोडलं गेलं, काही घरं पाडली गेली. ॲस्बेस्टॉस घातक असतं हे खरंच, पण माणसं तिथे आणून ठेवली तेव्हाही ते तिथेच होतं. ही बंडाची शिक्षा आहे, असंच गावकरी म्हणत राहिले.

मॅनला झिम्बाब्वेत सात वर्षांची शिक्षा झाली, अपिलात ती चार वर्षांवर आली. विमान जप्त झालं. १ फेब्रुवारी २००८ च्या सुमारास त्याला रातोरात मालाबोला नेलं आणि जुलैमध्ये ३४ वर्षांची शिक्षा ठोठावली. सव्वा वर्षाने, २ नोव्हेंबर २००९ रोजी, ओबियांगने त्याला आणि दु टॉयला माफी दिली. दयाबुद्धीने, असं सांगण्यात आलं. आपण वाटतो तसे नाही, हे जगाला दाखवण्याची ती नामी संधीही होती. मॅन इंग्लंडला परतला, त्याने आठवणींचं पुस्तक लिहिलं आणि मे २०२५ मध्ये वयाच्या ७२ व्या वर्षी हृदयविकाराने वारला.

ओबियांगचा मुलगा आता उपराष्ट्राध्यक्ष आहे. सरकारी पैशाच्या अपहाराबद्दल फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये त्याची शिक्षा कायम केली. पॅरिसमधला त्याचा प्रासाद जप्त झाला. झाफिरो आटत आलं आणि २०२४ मध्ये एक्झॉनमोबिल देश सोडून गेली. नोव्हेंबर २०२२ च्या निवडणुकीत ओबियांगला सुमारे ९५ टक्के मतं मिळाल्याचं जाहीर झालं. ३ ऑगस्ट २०२५ रोजी त्याच्या सत्तेला ४६ वर्षं पूर्ण झाली. राजेराजवाडे सोडले तर एवढा काळ गादीवर असलेला दुसरा राष्ट्रप्रमुख आज जगात नाही.